जुनी डिझेल जीप : आत धुराचा उग्र वास, मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन करा

बालाघाटी (केज)
राम राम मंडळी.

गाडी २००७ ची, डीआय (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) टर्बो जीप. जुना मेकॅनिकल पंप, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवी पद्धत) वगैरे काही नाही. सोयाबीन मोंढ्यावर न्यायचं, लग्नं, दवाखाना, सगळं तिच्यावरच. दिवाळीपासून आत धुराचा वास यायलाय. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल, पण आता रस्ता रिकामा असला तरी येतो. बीडहून परत येताना मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो की डोळे चुरचुरतात. मागं बसलेल्या आईचं डोकं दुखतं, तिला मळमळतं. टोलला थांबलं की जरा वेगळाच वास, कच्च्या डिझेलसारखा.

सायलेन्सरमधून धूर फार नाही. चढाला काळा निघतो, तेवढा पहिल्यापासूनच निघायचा. ऑइल खात नाही, पाणी कमी होत नाही, सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते.

एका मिस्त्रींनी ऑइलचं झाकण काढून बघितलं आणि म्हणाले, बोअर गेलं (सिलिंडर झिजलं), हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-रिंगा-बोअरचं काम, करून घ्या. दुसरे म्हणाले सायलेन्सर बदला. तिसरे म्हणाले विकून टाका. कुणाचं ऐकू?

जालना_स्टील
तिसऱ्याचं 😀

मिस्त्री_नांदेड
बालाघाटी दादा, इंजिन उघडू नका अजून. पहिल्या सेल्फला उठणारी, ऑइल न खाणारी गाडी हाफ इंजिन मागत नाही. झाकण काढल्यावर थोडी वाफ सगळ्याच जुन्या डिझेल इंजिनांची येते. खात्री करायची तर इंजिन गरम होऊ द्या, आयडलवर ठेवा आणि झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. जागच्या जागी थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाईपातून भसाभसा धूर आला, तर मग रिंगांचा विचार करू. त्याआधी ब्रीदरचा पाईप चोंदलेला नाही ना तेही बघा. तो बंद असला तर चांगलं इंजिनही झाकण उडवतं, आणि चारी बाजूंनी ऑइल गळायला लागतं ते वेगळंच.

आता वासाचं. इंजिन धूर करतंय का, हा एक प्रश्न झाला. धूर आत कसा येतो, हा दुसरा. लोक दोन्ही एकत्र करतात आणि खिसा रिकामा करून बसतात. नव्या इंजिनाचा धूर जरी आत घेतला तरी डोकं दुखणारच. तुमची तक्रार आत येणाऱ्या वासाची आहे, तर आधी वाट शोधा.

त्यासाठी गॅरेज लागत नाही. रिकाम्या रस्त्यावर सगळ्या काचा बंद करा, ब्लोअर बाहेरची हवा घेणाऱ्या खटक्यावर ठेवा, फुल स्पीड. वास वाढला तर धूर बोनेटखाली आहे, कारण ब्लोअर हवा ओढतो ती पुढच्या काचेखालच्या जाळीतून, आणि ती जाळी बोनेटच्या मागच्या कडेला लागूनच असते. वास कमी झाला तर तो खालून किंवा मागून येतोय. आत हवेचा दाब वाढला की फटीतून धूर शिरत नाही. मग ब्लोअर पूर्ण बंद करून तेवढाच रस्ता परत चाला. शेवटी उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, वाऱ्याकडे तोंड करून एकदा आणि पाठ करून एकदा. काय होतं ते इथं लिहा.

गोदाकाठ (परभणी)
मिस्त्रीभाऊंचं बरोबर, पण माझी पैज मागच्या दारावर. आईला त्रास मागं बसल्यावर होतो असं ते लिहितात.

जीपची पाठ सपाट असते. गाडी पळते तेव्हा मागं हवेचा दाब कमी होतो, तिथं भोवरे तयार होतात आणि सायलेन्सरचा धूर त्या भोवऱ्यात अडकून मागच्या दाराशीच घुटमळतो. दाराचं रबर कडक झालेलं असलं की तो आत. आणि आपण काय करतो? वास आला म्हणून मधल्या काचा खाली करतो. त्याने आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिच्या जागी मागच्या फटीतून आणखी धूर येतो. जितक्या काचा उघडाल तितका वास वाढत असेल तर समजा, मागचं दारच.

रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकत अडकत आली तर ठीक, सहज निसटली तर तिथं फट आहे. दाराच्या कडेने चारही बाजूंनी करा. खालच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा जातं, कारण तिथं पोती टेकवून टेकवून रबर चेपतं. रात्री आत बॅटरी लावून बाहेरून बघितलं तरी उजेड दिसतो.

आणखी एक. सायलेन्सर मागं कधी बदललाय का? गावाकडं बदलला की मागची नळी आखूड कापून बसवतात. नळीचं तोंड बॉडीच्या कडेच्या बाहेर पाहिजे. ते बंपरखाली आतच संपत असेल तर धूर थेट गाडीच्या पोटाखाली साठतो.

बालाघाटी (केज)
सायलेन्सर दोन-तीन वर्षांखाली बदलला होता, हो. नळी उद्या बघतो.

ब्लोअरचं करून बघितलं. घोळ असा की बाहेरच्या हवेवर फुल केलं तर उभ्या गाडीत वास वाढतो. चालत्या गाडीत मात्र पुढं कमी होतो, मागं थोडा राहतो. म्हणजे काय समजायचं?

सेलूकर
म्हणजे दोन्ही 😀

मिस्त्री_नांदेड
सेलूकर हसताहेत, पण असंच असतं बऱ्याचदा. जुन्या गाडीत एकच बिघाड असायला ती काय नवी आहे?

उभ्या गाडीत ब्लोअरने वाढतो, म्हणजे बोनेटखाली काहीतरी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा आणि चालू करण्याआधी नुसते डोळे फिरवा. एक्झॉस्ट मेनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारी नळी) जिथं हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बसतं तिथं पॅकिंगच्या कडेला काजळीची रेघ आहे का. टर्बोच्या खालचा फ्लँज, तिथले बोल्ट. पुढच्या नळीचा जाळीदार लवचिक तुकडा. आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ती) जिथं हेडमध्ये उतरतात तिथं, चारही नोझलच्या बुडाशी. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल मेनिफोल्डवर ठिबकत असेल तर त्याचा वास जळक्या तेलाचा येतो, धुराचा नाही. तो नाकाला कळतो.

मग कुणाला तरी इंजिन चालू करायला सांगा. पहिलं मिनिटभर मेनिफोल्ड हात लावण्याइतकं थंड असतं, तेवढ्यात जिथं संशय तिथून हात थोडा लांब फिरवा, गरम फुंकर लागते. कान द्या. पॅकिंग फुटलं असेल तर फट् फट् असा आवाज येतो, गरम झाल्यावर लोखंड फुगून फट मिटते आणि आवाज जातो. म्हणून तर गॅरेजला नेलेल्या गरम गाडीत काही सापडत नाही. पंख्याचा पट्टा, सैल बाही, उपरणं, हे सांभाळा.

मागून ऐकायचं असेल तर जाड ओल्या पोत्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर अर्धवट दाबा. आत दाब वाढला की मधलं बारीक भोकही सुस् करतं. पूर्ण बंद करू नका, आणि बंद शेडमध्ये तर बिलकूल नाही.

जालना_स्टील
ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात घालणारी नळी) असेल तर पत्रा मारून बंद करा, अर्धे वास तिथंच जातात. आमच्याकडं सगळे करतात.

मिस्त्री_नांदेड
सगळे करतात म्हणून पीयूसीला सगळे रडतात. ईजीआरच्या नळीचं पॅकिंग गळत असेल तर पॅकिंग बदला, नळी तडकली असेल तर नळी. पत्रा मारून मूळ गळती तशीच राहते, आणि धुराचा कायदा मोडतो तो वेगळा.

रसायनवाली (लातूर)
मी गाड्यांतली नाही, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आईंना मळमळ आणि डोकेदुखी होते आहे, तर दुरुस्ती होईपर्यंत त्यांना या गाडीत लांबच्या प्रवासाला नेऊ नका.

डोळे चुरचुरतात ते नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे आणि अर्धवट जळलेल्या इंधनातून तयार होणाऱ्या अल्डिहाइडांमुळे. ते त्रासदायक असले तरी निदान कळतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिझेल इंजिनात तो पेट्रोलपेक्षा कमी तयार होतो, पण शून्य नाही, आणि एअर फिल्टर चोंदून इंजिन काळा धूर टाकत असेल तर वाढतो. शिवाय डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. रोज थोडा थोडा आत घेण्याची ही गोष्ट नाही.

एक सवय सगळ्यांनाच असते : बाहेर धूर दिसला की एसीचा खटका आतल्या हवेवर. दुसऱ्याच्या गाडीचा धूर असेल तर ते ठीक. आपल्याच गाडीचा आत येत असेल तर तोच धूर कोंडून फिरत राहतो. अशा वेळी गुंगी आली, जांभया सुरू झाल्या, तर गाडी बाजूला घ्या आणि सगळे बाहेर उतरा.

सेलूकर
ताईंचं पटलं. मी थोडा वेगळा अनुभव सांगतो, उगाच कुणाचा सायलेन्सर बदलायला नको म्हणून. माझ्या जुन्या गाडीत मे महिन्यात सडक्या अंड्याचा वास यायचा. सगळे सायलेन्सर-सायलेन्सर करत बसले. निघाली बॅटरी. रेग्युलेटर खराब, चार्जिंग १५ व्होल्टच्या वर, बॅटरी उकळत होती. अंड्याचा वास आला तर आधी मीटर लावा. १३.८ ते १४.४ च्या आसपास पाहिजे.

पंपवाला_लातूर
धागा उशिरा बघितला. कच्च्या डिझेलच्या वासाबद्दल कुणी फार बोललं नाही म्हणून लिहितो, तो माझा धंदा आहे.

थांबल्यावर कच्चा वास म्हणजे पहिल्यांदा नोझलच्या डोक्यावरचे रिटर्नचे (उरलेलं डिझेल परत नेणारे) पाईप बघा. जुन्या गाड्यांना ते कापडी वेष्टणाचे बारीक रबरी पाईप असतात. वरून ठीक दिसतात, पण बोटात धरून वाकवले की चिरा उघडतात आणि बोट ओलं होतं. थेंब पडतच नाही, नुसतं पाझरतं आणि गरम हेडवर उडून जातं. त्याचा वास मात्र कपड्यात बसतो. आपल्या डिझेलमधलं गंधक २००५ नंतर ५०० पीपीएम होतं, २०१० नंतर ३५०, २०१७ पासून देशभर ५० झालं आणि १ एप्रिल २०२० पासून १०. गंधक कमी करताना डिझेलचे बाकीचे गुणही बदलतात, आणि वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली जुनी रबरं अशा इंधनात आक्रसून गळायला लागतात. पंपाची सीलं, रिटर्नचे पाईप, फीड पंप, सगळीकडं एकदा कोरडं फडकं फिरवा.

डिपस्टिकही (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा. ऑइल पातळ, पातळी वर गेलेली आणि डिझेलचा वास, असं असेल तर गाडी चालवू नका. फीड पंपाच्या किंवा मोठ्या पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. इंजिन त्याने खरंच जातं.

नोझल काढायची वेळ आली तर चारही टेस्टरवर लावून घ्या. फवारा धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे आणि सोडल्यावर तोंडाशी थेंब लोंबायला नको. थेंब लोंबतो ते नोझल थंडीत पांढरा धूर आणि कच्चा वास देतं. डीआयची नोझल साधारण २०० ते २५० बारच्या दरम्यान उघडतात, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला घ्या.

कोणतं नोझल खराब आहे हे शोधायला मिस्त्री लोक चालू इंजिनात नोझलला येणाऱ्या डिझेलच्या पाईपाचा एकेक नट ढिला करतात. मेकॅनिकल पंपाला ते चालतं, पण फडकं धरून आणि चेहरा लांब ठेवून. नोझलच्या फवाऱ्यापुढं हात कधीही धरू नका. ती धार कातडीतून आत घुसते, बाहेर टाचणीएवढी खूण दिसते आणि आतून बोट सडतं. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, तडक सर्जनकडे. आणि कॉमन रेलच्या गाडीत नट ढिला करायचा विचारसुद्धा नको, तिथं दाब हजार बारच्या वर असतो.

बालाघाटी (केज)
सापडलं! निदान एक तरी.

काल पहाटे थंड गाडीचं बोनेट उघडलं. मेनिफोल्ड स्वच्छ, टर्बोचा फ्लँज स्वच्छ. तिसऱ्या नोझलच्या बुडाशी मात्र काळं कडं. आधी वाटलं जुना ऑइलचा मळ आहे, पण स्क्रू ड्रायव्हरने उकरलं तर डांबरासारखं चिकट, आत कडक कोळसा. बाकीच्या तीन नोझलांपाशी नुसती धूळ. भावाला गाडी चालू करायला लावली आणि साबणाचं पाणी टाकलं, तर तिसऱ्यापाशी इंजिनाच्या ठोक्याबरोबर फेस उडायला लागला. ऐकलं तर बारीक छप छप आवाज. थोडं गरम झाल्यावर आवाज ऐकू येईना, फेस मात्र येतच होता.

रिटर्नचा पाईपही दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला ओला आहे. वाकवला तर चिरा दिसल्या, पंपवाल्या भाऊंनी लिहिल्या तशाच.

झाकणाची टेस्ट केली. जागेवर थरथरतं, उडत नाही. ब्रीदर मोकळा आहे. डिपस्टिकला डिझेलचा वास नाही.

मिस्त्री_नांदेड
मग हाफ इंजिन वाचलं. तिसऱ्या नोझलखालचा तांब्याचा वॉशर गेलाय. जळता वायू तिथून हेडवर येतो आणि ब्लोअर तो आत ओढतो. घाटात जोर लागला की सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून तिथं जास्त.

आता काम करून घेताना समोर उभे राहा. वॉशर चारही नवीन, जुना तापवून परत बसवायचा नाही. तापवून मऊ करून बसवणारे आहेत, चालतोही कधी कधी, पण नवा वॉशर असतोच किती रुपयांचा! खरं महत्त्व बैठकीला. वॉशर जिथं टेकतो ती हेडमधली जागा कोळशाने भरलेली असते. ती कटरने साफ न करता नवा वॉशर घातला तर महिन्याभरात परत तेच. कोळसा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून भोकात ग्रीस लावलेलं फडकं घालायचं आणि आठवणीने काढायचं. जुना वॉशर कधी कधी आतच चिकटून राहतो आणि त्याच्यावर दुसरा बसवला जातो. बोटाने नाही, बॅटरी मारून बघा. पकडीचा नट टॉर्क पान्याने. अंदाजाने आवळला की नोझलचं अंग वाकडं होतं.

नोझल निघालेलीच आहेत तर पंपवाल्यांकडं टेस्टही करून घ्या.

गोदाकाठ (परभणी)
आणि मागचं दार?

बालाघाटी (केज)
दाराची पट्टी खालच्या डाव्या कोपऱ्यातून अलगद निसटते. नळीही बघितली, बंपरच्या आत चार बोटं संपते. तुम्ही जिंकलात 🙏

जालना_स्टील
इतकं निघालं तर मी पण हरलो. विकू नका.

बालाघाटी (केज)
काम झालं, आता सविस्तर लिहितो.

बैठकी साफ करून चारही वॉशर नवीन. तिसऱ्या नोझलवर अजून एक जुना वॉशर चिकटलेला निघाला, म्हणजे मागच्या वेळी कुणीतरी दोन घालून ठेवले होते. टेस्टरवर दोन नोझल ठीक, पहिलं आणि तिसरं थेंब धरत होतं, त्यांचे आतले पार्ट बदलून प्रेशर सेट केलं. रिटर्नचे पाईप सगळे नवीन. एअर फिल्टर काढला तर मळणीचा भुसा नि काळ्या मातीचा थर, तोही बदलला. चढाचा काळा धूर बऱ्यापैकी कमी झालाय.

उभ्या गाडीतला वास पूर्ण गेला. चालत्या गाडीत मागं मात्र होताच, अगदी गोदाकाठ म्हणाले तसा. मग मागच्या दाराचं बीडिंग (कडेचं रबर) बदललं, दाराच्या बिजागरीत शिम टाकून ते नीट बसवलं आणि वेल्डिंगवाल्याकडून नळीचा तुकडा जोडून तोंड बॉडीच्या बाहेर काढलं. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं होतं, पेडलजवळ वायरिंगच्या भोकाचं बूच गायब. एवढं सगळं केलं तरी हाफ इंजिनाच्या खर्चाच्या जवळपासही गेलो नाही. आई काल बीडला येऊन-जाऊन झोपली नाही, रस्ताभर बोलत होती.

एक शंका. नोंदणी २०२२ ला पाच वर्षांसाठी वाढवली होती, म्हणजे २०२७ ला परत जायचंय. धुराचा आकडा किती लागतो?

पंपवाला_लातूर
तुमची बीएस-२ आहे (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी टप्पे). आपल्याकडं बीएस-३ देशभर २०१० ला आलं. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धूर किती दाट ते मोजायचं माप), बीएस-४ ला ५०. टेस्टला जाण्याआधी गाडी चांगली गरम करून न्या, थंड इंजिन उगाच जास्त आकडा दाखवतं. पीयूसी तुमच्या गाडीला सहा महिन्यांचं मिळतं. नोझल ताजी केलीत, फिल्टर नवा आहे, त्यामुळं अडचण येऊ नये.

मिस्त्री_नांदेड
हजारेक किलोमीटर झाले की थंड गाडीत चारही नोझलच्या बुडाशी परत बघा. कोरडं असेल तर विसरून जा. काळी रेघ दिसली तर लगेच नट आवळत बसू नका, बैठक नीट साफ झाली नव्हती असं समजून त्याच मिस्त्रींकडं न्या.

सेलूकर
मिस्त्रीभाऊ, माझ्या टेम्पोला पण सकाळी दहा मिनिटं पांढरा धूर आणि डोळ्यांत पाणी येणारा वास. नंतर साफ. वॉशरच असेल का?

मिस्त्री_नांदेड
वॉशरपेक्षा नोझल, पंपाचं टायमिंग किंवा कंप्रेशन. वेगळा धागा काढा, आणि त्यात आधी एवढं लिहा : ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करायला तापणारे) आहेत का, असतील तर चारही चालतात का, आणि धूर निघतो तेव्हा इंजिन एका सिलिंडरवर लंगडतं का.